दुपार कापू नका!

परवा भाचा जेवायला आला होता. बोलता बोलता विषय गाण्यांवर गेला आणि भात कालवता कालवता त्याने एक व्याख्या माझ्या पानात वाढली. म्हणाला, "मामा, तू उगाच अवघड करतोस. ज्या अल्बममधलं एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही, तो परफेक्ट अल्बम. संपलं!"

मला ही व्याख्या साफ नामंजूर आहे. तेव्हा मी गप्प बसलो, कारण जेवणाच्या पानावर भाच्याशी वाद घालायचा नाही असा घरात दंडक आहे. (दंडक कोणाचा, ते नातेवाइकांना सांगायला नको.) पण इथे मला कोण अडवणार?

भाच्याच्या हिशेबात अल्बम म्हणजे गाण्यांची बेरीज. दहा गाणी, दहाही चांगली, म्हणजे शंभर टक्के! आता मी आयुष्यभर मराठीचे पेपर तपासले आहेत. निबंधाच्या प्रश्नात हुशार मुलं एक युक्ती करायची. सुंदर सुंदर परिच्छेद पाठ करून यायची आणि मिळेल त्या विषयाला चिकटवायची. तोच सूर्योदय 'पावसाळ्यातील एक दिवस' मध्ये उगवायचा आणि तोच 'माझा आवडता नेता' मध्येही. परिच्छेद एकेकटा वाचला तर निर्दोष. शुद्धलेखनाची एक चूक नाही. पण निबंध? निबंध झालेलाच नसायचा. मी गुण कापायचो आणि मुलं भांडायला यायची, "सर, चूक कुठे आहे ते दाखवा!" चूक कुठल्याच ओळीत नव्हती, हीच तर अडचण होती.

अल्बम हा शब्दच बघा ना. पूर्वी ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मोठी रचना असेल तर तिचे तुकडे अनेक रेकॉर्डांवर घ्यावे लागत, आणि त्या सगळ्या रेकॉर्ड पाकिटं शिवलेल्या एका जाड वहीत ठेवून विकत. फोटोंच्या अल्बमसारखी ती वही, म्हणून अल्बम. म्हणजे जे एकत्र राहिलं नाही तर अर्थ हरवेल, ते एकत्र बांधायची ती सोय होती. पुढे एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, वही गेली आणि शब्द राहिला. आता फोन आला आणि बांधणंच गेलं.

मग परिपूर्ण अल्बम कोणता? माझ्या तीन कसोट्या आहेत. (मास्तर आहे, कसोट्या असणारच.) दोन तुकड्यांची जागा बदलून पाहा. एक तुकडा काढून पाहा. एक चांगला तुकडा जोडून पाहा. या तिन्ही खटपटींनी नुकसानच होत असेल, तर तो अल्बम पूर्ण. एकेक गाणं किती गोड, हा प्रश्न त्यानंतरचा.

नुसता सिद्धांत नको म्हणून उदाहरण घेतो. १९६७ साली एचएमव्हीने एक एलपी काढली, 'कॉल ऑफ द व्हॅली'. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. शर्मा आणि चौरसिया दोघेही १९३८ चे, म्हणजे तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. आणि यामागे एचएमव्हीतले कोण होते? आपले जी. एन. जोशी! 'रानारानात गेली बाई शीळ' हे ना. घ. देशपांड्यांचं गीत ज्यांनी घरोघरी पोचवलं, तेच. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतला गायक काश्मीरच्या दरीतल्या एका दिवसाची रेकॉर्ड काढायला बसतो, हे मला फार आवडतं.

वाद्यंही पाहा कशी! संतूर काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं. ते रागसंगीतात चालेल का, याबद्दल जाणकारांनी नाकं मुरडलेली, कारण त्यावर मींड निघत नाही. गिटार तर परदेशी. काब्रा ती आडवी ठेवून तारांवरून पट्टी सरकवत वाजवायचे. बासरी तेवढी जुनी ओळखीची. अशी तीन वाद्यं आणि गोष्ट एका मेंढपाळाच्या एका दिवसाची. पहाटे अहीर भैरव आणि त्याला लागून नट भैरव. मग पिलू. मग भूप, मग देस आणि शेवटी पहाडी. शब्द एकही नाही. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं आणि मध्ये एकदा उठून रेकॉर्ड पालटायची.

आता लावा कसोट्या. जागा बदला. देस आधी वाजवला आणि अहीर भैरव शेवटी, तर राग तेच राहतील, वादक तेच राहतील, फक्त दिवस राहणार नाही. यावर भाचा म्हणेल, रागाची वेळ हा नुसता संकेत आहे, कर्नाटक संगीतात तर ती एवढी काटेकोर पाळतही नाहीत. बरोबर आहे! संकेतच आहे. पण भूप आणि देसकार घ्या. दोघांचे पाच स्वर अगदी तेच. सा, रे, ग, प, ध. एक सकाळचा, दुसरा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. फरक स्वरांत नाही, कुठल्या स्वरावर थांबायचं आणि कुठून पुढे जायचं यात आहे. जी गोष्ट रागातल्या स्वराची, तीच अल्बममधल्या गाण्याची. गाण्याचा अर्थ त्याच्या आधी काय वाजलं आणि नंतर काय वाजणार यावर ठरतो. सुटं केलं की स्वर उरतात, राग जातो.

आता जोडून पाहा. हे मला कल्पनेने करायला नको, करणाऱ्यांनी केलंच आहे. पुढे या रेकॉर्डची सीडी निघाली तेव्हा पहाडीनंतर आणखी तुकडे जोडले. वादन उत्तमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवस मावळला, रात्र झाली, पहाडी विरत गेली... आणि पाहुणे निरोप घेऊन दारातून परत आले, "अहो, एक राहिलंच सांगायचं!" ग्राहकाला जास्त मिळालं म्हणून आनंद मानायचा की शेवट हरवला म्हणून चुटपुट लागून घ्यायची? मी चुटपुट लावून घेतो.

राहिली काढून पाहायची कसोटी. इथे मला कबुलीजबाब द्यायचा आहे.

नव्वदीच्या आसपासची गोष्ट. मित्राकडून ही रेकॉर्ड आणून मी कॅसेटवर उतरवून घेतली. कोरी कॅसेट अपुरी होती, दुसऱ्या बाजूला आधीचं एक कीर्तन होतं आणि ते पुसायची छाती नव्हती. म्हणून मी निवड केली. अहीर भैरव घेतला, भूप, देस, पहाडी घेतले आणि पिलू गाळला. माझं मत होतं (ते मी चारचौघांत ठासून सांगतही असे) की मधला पिलू जरा रेंगाळतो. बाकीचे तुकडे हाताला धरून नेतात, हा नुसता बसून राहतो.

कॅसेट लावली. आमची ही स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने ती रेकॉर्ड मित्राच्या घरी माझ्याबरोबर दोन-तीनदा ऐकली होती. संगीताचं शिक्षण तिचंही नाही आणि माझंही नाही. सकाळ संपली आणि एकदम भूप सुरू झाला. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली,

"दुपार कापलीत होय? माझा तेवढाच तर वेळ असतो."

मी काय बोलणार? सकाळी पाचला उठून डबे, पाणी, मुलांच्या शाळा, माझी शाळा, सासूबाईंचं पथ्य. संध्याकाळी पुन्हा तेच. दीड ते तीन एवढाच काळ घर तिचं असायचं. मी त्या वेळी घरात कधी नसायचोच. दुपार काय असते हे मला ठाऊकच नव्हतं, म्हणून मला ती रेंगाळलेली वाटली! मेंढपाळाचंही तसंच असणार. सकाळी कळप नेण्याची घाई, संध्याकाळी परत आणण्याची. दुपारी मेंढरं चरताहेत आणि तो बसला आहे. त्या बसण्यातच त्याचा स्वतःचा वेळ आहे. पिलू नुसता बसून राहतो ही माझी तक्रार होती. अहो, तो बसायलाच तर तिथे आहे!

तेव्हापासून 'मधलं जरा कंटाळवाणं आहे' असं कोणी म्हणालं की मी विचारतो, कोणाला? मुख्य आक्षेप हाच आहे माझा भाच्याच्या व्याख्येवर. त्यात ऐकणाऱ्याचा अंगठा न्यायाधीश आहे. आज मला जे आवडत नाही ते खटकतं आहे की मला ते अजून कळलेलं नाही, हे ठरवायला अंगठा थांबत नाही. आणि पुढे ढकलायची सोय हाताशी आहे हे माहीत झालं की अल्बम काढणाराही हुशार होतो. दुपारी ऊन नको, कोणी पुढे ढकलेल, असं म्हणून तो दहाही गाण्यांत सूर्योदयच घालतो. पाठ केलेला सूर्योदय! आमच्या नापास निबंधासारखा.

आता विरुद्ध बाजूचंही बोलतो, नाहीतर वाद एकतर्फी होईल. एक सूत्र असलं की अल्बम आपोआप चांगला होतो, असं मी मुळीच म्हणत नाही. कॅसेटच्या जमान्यात एकेका देवस्थानावर आठ-आठ गाण्यांच्या कॅसेटी निघत. क्रम अगदी शास्त्रशुद्ध: काकडआरती आधी, शेजारती शेवटी. आणि ऐकताना काकडआरतीलाच झोप येई. सूत्र होतं, जीव नव्हता. गाणी चांगली असायलाच हवीत, तेवढं भाच्याचं खरं. पण चांगली गाणी ही अट झाली. अट म्हणजे व्याख्या नव्हे.

दुसरा मुद्दा वेळेचा. 'चाळीस मिनिटं एका जागी बसायला आज कोणाला सवड आहे?' हे वाक्य मला अशी माणसं ऐकवतात, जी एका रात्रीत मालिकेचे चार भाग संपवतात. शेवटचा भाग आधी बघितलेला त्यांना चालत नाही. मग गाण्यानेच काय घोडं मारलं आहे?

आणि तिसरा मुद्दा माझ्यावरच उलटतो. तोही लिहितो. मी जन्मभर मुलांना शिकवलं काय? वेचे! कादंबरीतलं एक प्रकरण, चरित्रातली चार पानं, खाली पाच स्वाध्याय. माझा एक जुना विद्यार्थी काही वर्षांपूर्वी भेटला. चांगला मोठा अधिकारी झाला आहे. म्हणाला, "सर, 'श्यामची आई' अजून आठवते, फार सुंदर धडा होता." धडा! साने गुरुजींनी बेचाळीस रात्री सांगितलेली ती गोष्ट. रात्रीमागून रात्र घर खचत जातं, तेव्हा कुठे शेवटची रात्र सोसवत नाही. त्याच्याकडे त्यातली एकच रात्र पोचली होती आणि तिलाच तो पुस्तक समजत होता. चूक त्याची नाही, मी वर्गात पुस्तक आणून दाखवलं नव्हतं. तेव्हा पुढे ढकलणाऱ्या अंगठ्यावर मी दात-ओठ खातो तेव्हा त्यात थोडा माझाही अंगठा असतो.

काब्रा २०१८ मध्ये गेले, शिवकुमार शर्मा २०२२ मध्ये. हा लेख लिहायला बसण्यापूर्वी फोनवर ही रेकॉर्ड पुन्हा ऐकली. देस संपता संपता एक बाई घरासाठी कर्ज घ्या म्हणून सांगू लागली. मी निमूट ऐकून घेतलं. फोनला कुठे माहीत, की दरीत रात्र झाली आहे?

तर भाचेबुवा, ही माझी व्याख्या. ज्याला तुझ्या पसंतीसाठी स्वतःचा दिवस मोडावा लागत नाही, तो परिपूर्ण अल्बम. पटली नाही तरी हरकत नाही. पुढच्या रविवारी दुपारी दीडला ये. जेवण साडेबारालाच उरकू. चाळीस मिनिटं फोन मामीच्या ताब्यात राहील, आणि पिलू सुरू असताना कोणी उठायचं नाही, पाण्यालासुद्धा.

असो. दूध उतू जाण्याची वेळ झाली.

ता. क. : हा लेख हिला वाचून दाखवला. म्हणाली, "कीर्तन पुसलं असतंत तरी चाललं असतं." हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?