आपल्या बोलीचे वऱ्हाड

गेल्या लग्नसराईत धुळ्याजवळच्या एका गावी लग्नाला गेलो होतो. वरण-बट्टीची पंगत उठली होती. मंडपात बायामाणसे गप्पा मारीत बसली होती. पुण्याहून आलेल्या सहा-सात वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आजीने हाक मारून विचारले, ‘काय करी ऱ्हायना रे भाऊ?’ चार दिवसांत पोराने आजीची बोली उचलली होती. तोही मोठ्या ऐटीत अहिराणीत उत्तर देऊ लागला. तेवढ्यात आई म्हणाली, ‘असे नाही बोलायचे, नीट बोल.’ पोरगा गप्प झाला. आजीही गप्प झाली. मला आजीचे गप्प होणे जास्त लागले.

गंमत अशी, की तासाभरापूर्वी याच मंडपाबाहेर अहिराणी गाण्यांवर सगळी वरात नाचली होती. नाचायला चालते ती बोली बोलायला का चालत नाही?

परतीच्या वाटेवर मला राहून राहून प्रा. लक्ष्मण देशपांडे आठवत होते. कन्नडचा घाट उतरला की आपले चाळीसगाव. त्या घाटापलीकडच्या मराठवाड्याचा हा माणूस. जन्म 1943 चा. त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात त्यांनी शिकवले, विभागाचे प्रमुखपदही सांभाळले. सत्तरचे दशक संपता संपता त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणला. लेखकही तेच आणि नटही तेच. तीन तासांच्या खेळात बावन्न पात्रे, आणि ती सगळी करणारा माणूस एक! गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. त्यांचे प्रयोग महाराष्ट्राबाहेर, परदेशांतही झाले. आमच्या घरी त्याची कॅसेट होती. ती इतक्या वेळा वाजली, की काही ठिकाणी घासून आवाज खरखरू लागला होता.

गोष्ट तशी साधी. लंडनला गेलेल्या मुलाचे लग्न ठरते आणि गावाकडचे सगळे गणगोत वऱ्हाडी म्हणून विमानाने निघते. विमानाचा प्रवास कधी न केलेली माणसे, त्यांचे रुसवे-फुगवे, मानपान, सामानाची गाठोडी. हसून हसून पुरेवाट होते. पण नीट ऐका. देशपांडे त्या माणसांना हसत नाहीत, आपण त्या माणसांबरोबर हसतो. त्यांची मराठवाडी बोली हा विनोदाला लावलेला मसाला नाही. ती त्या माणसांची अक्कल आहे, माया आहे आणि मिजासही आहे. सेट नाही, दर पात्राला वेश बदलायला सवड नाही. मग बावन्न माणसे ओळखायची कशावरून? बोलण्यावरून. बोली काढून घ्या, सगळे वऱ्हाड जागच्या जागी नाहीसे होईल.

स्वतः लिहायचे आणि एकट्याने उभे करायचे, ही परंपरा जगभर आहे. अमेरिकेत रूथ ड्रेपर या अभिनेत्रीने मोकळ्या रंगमंचावर, स्वतः लिहिलेली स्वगते करून 1956 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, प्रेक्षकांना बांधून ठेवले. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी 1961 मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. पण ती चाळ मुंबईची होती. लक्ष्मणरावांनी तोच मान खेड्याला आणि खेड्याच्या बोलीला मिळवून दिला. प्रमाण मराठी त्यांना येत नव्हती असे थोडेच आहे? ते तर प्राध्यापक होते!

कोणी म्हणेल, परीक्षा आणि नोकरी बोलीवर मिळत नाही. खरे आहे. त्या आईचेही चुकले असे मी म्हणणार नाही. बोलण्यावरून कोणी हसले, की ते वर्षानुवर्षे मनात राहते आणि आपल्या लेकराला ते भोगावे लागू नये असेच आईला वाटते. पण एका मुलाला दोन भाषा जड होत नाहीत. इंग्रजीसाठी आपण तिसरीही शिकवतोच. जड होते ती लाज.

आणि लाज वाटावी असे आपल्याकडे आहे तरी काय? धुळे-नंदुरबारपासून बागलाण-मालेगावपर्यंत अहिराणी बोलली जाते. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे. शाळेची पायरी न चढलेल्या आसोद्याच्या लेकीने, बहिणाबाईंनी, या मातीच्या बोलीत ओव्या रचल्या. त्या गेल्यावर 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपाने आल्या आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. नाव दिले, पण ज्या बोलीने ते नाव मोठे केले ती घरात दडपायची, याला काय म्हणावे?

लक्ष्मण देशपांडे 2009 मध्ये गेले. पुढे संदीप पाठक यांनी ते वऱ्हाड पुन्हा रंगमंचावर आणले. नट गेला तरी खेळ चालू राहिला, कारण तो लिहिलेला होता. आपल्या आज्यांचे बोलणे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक प्रवेश अहिराणीत किंवा लेवा बोलीत होऊ द्या. सुटीत नातवंडांना वही देऊन आजीजवळ बसवा. त्यातून उद्याचा नाटककार निघेलच असे नाही. पण मंडपात नातवाने आजीशी आजीच्या बोलीत बोलावे आणि कोणी त्याला ‘नीट बोल’ म्हणू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे. तो नीटच बोलत होता.