मनातले मांडे आणि परातीतली भाकरी

"शिक्षकाच्या अंगी आत्मविश्वास हवा," हे वाक्य प्रशिक्षण काळात शंभरदा कानी पडते. तो येतो कोठून, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

याच महाविद्यालयातून बाहेर पडून मी बी.एड.ला गेले. गृहशास्त्राच्या माझ्या पहिल्या सराव पाठाचा विषय होता ज्वारीची भाकरी. लोणखेड्याच्या मुलीला त्यात अवघड ते काय? लहानपणापासून चुलीपुढे बसून भाकरी थापत आले आहे! पाठ टाचण लिहिताना मी मनात पुष्कळ मांडे खाल्ले.

प्रत्यक्षात समोर चाळीस मुली आणि मागच्या बाकावर निरीक्षक प्राध्यापिका. घाईने मी कोमट पाणीच पिठात ओतले. थापताना भाकरीला तडे गेले. मुली हसल्या; माझ्या घशाला कोरड पडली. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पाणी उकळायला हवं होतं."

मी तिलाच पुढे बोलावले. दोघींनी नव्याने पीठ मळले, भाकरी साधली. मग फळ्यावर कारण लिहिले : ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, उकळत्या पाण्याने पिठातील स्टार्च फुलतो, चिकटपणा येतो, म्हणून भाकरी थापता येते. हसणाऱ्या मुली आता प्रश्न विचारू लागल्या. माझा आवाजही मोकळा झाला. शेरा मात्र मिळाला, "पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही."

शेरा खोटा नव्हता. पण आत्मविश्वास मला टाचणाने दिला नाही, तो सावरलेल्या चुकीने दिला. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत निघाली. तिच्यात पाच-सहा मिनिटांचा पाठ, त्यावर चर्चा आणि पुन्हा तोच पाठ, असा क्रम असतो. आपण ती शिकतो, पण शाळेत गेल्यावर त्यातले 'पुन्हा' विसरतो. तेथे बिघडलेला पाठ गुण पडले की संपला! २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, अवधी वाढला. मग बिघडलेला पाठ दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घेऊ देण्यास हरकत कोणती?

गुरुजनांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती. मला ती संधी मिळाली, तर पाणी उकळेपर्यंत थांबण्याचा धीर या वेळी माझ्यापाशी असेल.