इंजिन ठणठणीत, अन् गाडी अडली डिस्कवर!



आज कुण्या पुढाऱ्यावर लिहीत नाही. आज लोखंडी चाकावर लिहितो. टायर ज्याच्यावर चढवतात, ज्याला आपण डिस्क म्हणतो, त्याच्यावर. विषय बारका वाटंल, पण जुनी पिकअप, छोटा हत्ती ज्याच्या दारात उभाय त्याला विचारा किती मोठा आहे ते.

बीडला अहिल्यानगरहून रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025 ला. तोवर अन् आजही आपला माल चालतो तो रस्त्यानं. आष्टीचं दूध, बालाघाटातली सीताफळं, आठवडी बाजारातल्या शेळ्या, मंडपाचं सामान, खताची पोती, सगळं एमएच 23 नाहीतर एमएच 44 च्या छोट्या गाडीत. टाटा एस बाजारात आली 2005 ला. म्हणजे पहिल्या गाड्यांनी विशी ओलांडली. त्यातल्या कितीतरी अजून घर चालवतात. हप्ते कधीच फिटलेत, इंजिन गावातला मिस्तरी उघडतो अन् बसवतो. अशा गाडीचा मालक कर्जात नसतो, ही आपल्या भागात लहान गोष्ट नाही.

पण डिस्कला वय असतं. खड्ड्यात आपटून कड वाकते. टायरखाली पाणी राहून आतून गंज चढतो, वरून दिसत बी नाही. नट ढिले राहिले तर भोकं लांबट होतात. त्यात माल क्षमतेपेक्षा जास्त भरला की हवेच्या खिडक्यांपाशी अन् वेल्डिंगच्या जोडावर चीर जाते. एक डिस्क गेली तर स्टेपनी लावून भागतं. दुसरी गेली की गाडी दारात.

मग सुरू होते वणवण. एसचं मॉडेल अजून निघतंय म्हणून तिची 12 इंची डिस्क मिळून तरी जाते. पण टाटा 207 किंवा महिंद्रा मॅक्सिमो असंल तर? काउंटरवर उत्तर ठरलेलं: "मॉडेल बंद झालं." मग भंगारात जायचं. तिथं गंज घासून चांदीचा रंग मारलेली डिस्क नव्यासारखी चमकते. कुठल्या गाडीची, कुठल्या अपघातातली, कुणाला ठाऊक. पावती नाही, परत घेणं नाही.

"इंच सारखा, भोकं सारखी, बसंल की!" असं कुणी म्हणलं तर तिथंच थांबा. चार गोष्टी जुळाव्या लागतात: भोकांचं वर्तुळ, मधल्या मोठ्या भोकाचा व्यास, डिस्क आत-बाहेर किती बसते ते, अन् नटाची बैठक. चार भोकांची डिस्क असंल तर समोरासमोरच्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घ्या, तेच वर्तुळाचं माप. पाच भोकं असतील तर शेजारशेजारच्या दोन भोकांचं अंतर घ्या अन् 1.7 नं गुणा. 82 मिमी आलं तर वर्तुळ साधारण 139.7 मिमीचं, म्हणजे साडेपाच इंची, जुन्या जीपचं माप. एवढा हिशेब मोबाईलवर होतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असंल तर नट आवळून डिस्क बसल्यासारखी वाटते, पण स्टडवर ताण राहतो अन् एखाद्या दिवशी धारूरच्या घाटात तो तुटतो.

चिरलेली डिस्क वेल्डिंग करून वापरू नका. मालवाहू टायरमध्ये कारपेक्षा कितीतरी जास्त हवा असते. चीर उघडली तर इजा आधी होते ती हवा भरणाऱ्या पंक्चरवाल्या पोराला. भोकं लांबट झालेली डिस्क सुद्धा भंगारातच द्या.

शोधायचं कसं? चासी नंबर देऊन आधी कंपनीच्या काउंटरवरून पार्ट नंबर लिहून घ्या. माल नसला तरी नंबर घ्या. त्या नंबरावर पुणे, संभाजीनगरच्या वितरकाकडं फोन करा. त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलला तीच डिस्क लागते का, हे बी विचारा, बऱ्याचदा लागते. जुनीच घ्यायची तर मुंबईत कुर्ल्याचा बाजार आहे, पण रंग खरवडून, आतली कड हातानं तपासून, चाक फिरवून बघून घ्या. बसवल्यावर समोरासमोरचे नट पाळीनं आवळा अन् पन्नास-शंभर किलोमीटरनं पुन्हा एकदा पाना लावा.

आता मूळ मुद्दा. हे सगळं गाडीवाल्यानंच का करायचं?

गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी. 2021 मध्ये केंद्रानं स्क्रॅप धोरण आणलं. जुनी गाडी धड नसंल तर रस्त्यावर नको, हे मान्य. त्यात आपलाच जीव आहे. पण गाडी धड ठेवायला लागणारा भागच मिळत नसंल, तर ती नापास होणार नाहीतर रंगवलेल्या भंगारावर पळणार. काही जण म्हणतात, "विकून टाका, नवी घ्या." ज्याची रोजची कमाई गाडीच्या रोजच्या फेरीवर आहे, त्यानं एका डिस्कपायी पाच वर्षांचे हप्ते डोक्यावर घ्यायचे? हा सल्ला देणं सोपंय, हप्ता भरणारा वेगळा असतो.

अन् हे गाऱ्हाणं आपल्या एकट्याचं नाही. 25 ऑगस्ट 2014 ला भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींवर दंड ठोठावला होता. कारण काय, तर मूळ सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. पुढं त्यावर अपिलं झाली, पण दुखणं कागदावर आलं. मग 24 डिसेंबर 2022 ला केंद्रानं 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं बी आहेत. म्हणजे हक्क आहे असं दिल्ली म्हणते. तो हक्क बीडच्या काउंटरपर्यंत यायला पाहिजे.

म्हणून मागण्या तीनच:

1. गाडी विकतानाच कंपनीनं बिलावर लिहून द्यावं, की मॉडेल बंद झाल्यावर चाक, ब्रेक, स्टिअरिंगचे भाग किती वर्षं मिळतील.

2. स्क्रॅप केंद्रात निघणाऱ्या चांगल्या डिस्क नीट तपासून, शिक्का मारून, पावतीसह विकायची सोय व्हावी.

3. पासिंगला डिस्कची चीर अन् भोकं नीट बघावीत, अन् दोष सापडला तर कुठला भाग लागतो ते लेखी द्यावं.

एक लक्षात ठेवा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एक गाडी घेऊन स्वतः चालवणारा माणूस 2019 च्या ग्राहक कायद्यात ग्राहकच धरला जातो. "धंद्याची गाडी आहे, तक्रार चालत नाही" असं कुणी सांगितलं तर गप्प बसू नका. भाग नाही म्हणले तर 'नाही' लेखी मागा, अन् 1915 वर तक्रार नोंदवा. तोंडी नकाराची कुठंच नोंद होत नाही, म्हणून तर वरच्यांना वाटतं खाली सगळं आलबेल आहे.

कुणाच्या गाडीची डिस्क अडलीय, कुणाला कुठं चांगली मिळाली, मॉडेल अन् वर्षासकट खाली लिहा. आपल्याच एखाद्या भावाची गाडी उद्या बाजाराला जाईल.