टेलोमिअर लांब म्हणजे आयुष्य लांब?

‘तुमचे खरे वय जाणून घ्या’ अशी जाहिरात करीत काही खासगी प्रयोगशाळा सध्या रक्तातून टेलोमिअरची लांबी मोजून देतात. अहवालात पाच-सात वर्षे जास्त छापून आली, की चाळिशीतला धडधाकट माणूस धास्तावतो आणि ‘टेलोमिअर वाढवणाऱ्या’ गोळ्या शोधू लागतो.

गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएच्या सहा अक्षरांचा तोच तो तुकडा शेकडो-हजारो वेळा आलेला असतो. हे टेलोमिअर, दोर उसवू नये म्हणून टोकाला मारलेल्या गाठीसारखे. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा अगदी टोकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून ते दर वेळी थोडे झिजते. फार आखूड झाले, की पेशी विभागणे थांबवते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी साधारण ५० विभाजनांनंतर थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्येच दाखवले होते. झिजलेले टोक भरून काढणारे टेलोमरेज हे विकर पुढे सापडले. या संशोधनाला २००९ चे नोबेल मिळाले.

मग टेलोमरेज वाढवले की झाले! गोळ्या विकणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. पेशीचे थांबणे हा कर्करोगाला घातलेला लगामही आहे. सुमारे ९० टक्के कर्करोगांत पेशी टेलोमरेज सुरू करूनच तो तोडतात. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये आनुवंशिकतेने अतिलांब टेलोमिअर लाभलेली काही कुटुंबे अभ्यासली. त्यांच्यात साध्या आणि कर्करोगाच्या गाठी जास्त आढळल्या. अमेरिकेत जून २०२४ मध्ये रक्ताच्या एका विकारासाठी मंजूर झालेले इमेटेलस्टॅट तर टेलोमरेजला रोखणारेच औषध आहे.

शिवाय एकाच वयाच्या निरोगी माणसांत ही लांबी खूप वेगवेगळी असते आणि मोजण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. त्यावरून एका माणसाचे ‘खरे वय’ सांगणे म्हणजे ज्योतिषच.

चाचणी निरुपयोगी मात्र नाही. तरुण वयात अस्थिमज्जा निकामी झालेल्या किंवा घरात फुप्फुस कडक होण्याचा आजार असलेल्या रुग्णात तिचा निष्कर्ष उपचार ठरवतो. अशा रुग्णाला सख्खा भाऊ मज्जा द्यायला तयार असला, तरी आधी त्याचीही तपासणी करावी लागते. तोच दोष त्याच्या पेशींत असेल, तर त्याची मज्जा उपयोगाची नाही.