कोबीचें उसनें मातृकुळ

कोबीचें संकरित बीं इतकें महाग कां, असा प्रश्न पुष्कळ बागाईतदार विचारतात. त्या बियाची आई कोण, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. माझ्या मतें हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

कोबीच्या एकाच फुलांत स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात. संकर करावयाचा तर आई ठरविलेल्या झाडाचे पुंकेसर काढून टाकले पाहिजेत. परंतु हजारों बारीक फुलांवर हें काम हातानें होणें नाहीं. सबब ज्याच्या फुलांत पराग धरतच नाहीं, असें नर-वंध्य झाड हवें होतें. तें मुळ्याच्या पिकांत सांपडलें. जपानांत ओगुरा यांनीं १९६८ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. हा गुण पेशीद्रव्यांतून, म्हणजे आईकडूनच, संततीस येतो. पुढें १९७४ सालीं फ्रान्समध्यें बानरो व त्यांचे सहकारी यांनीं त्या मुळ्यास आई करून कोबीशीं संकर केला, व संततीवर पिढ्यान्‌पिढ्या कोबीचाच पराग घातला. झाड कोबीचें झालें. पेशीद्रव्य मुळ्याचें राहिलें.

उसन्या वस्तूबरोबर तिची खोडही येते. थंडींत पानें पिवळीं पडूं लागलीं, आणि फुलांत मध कमी म्हणून मधमाशा फिरकेनात. पिवळेपणाचें कारण असें कीं, मुळ्याच्या हरितकणांचें कोबीच्या केंद्रकाशीं जमेना. १९८३ सालीं पेलेतिए व सहकारी यांनीं रेप या तेलबियांच्या पिकांत पेशींचा संयोग करून हरितकण पिकाचे व वंध्यत्व मुळ्याचें, अशी जोड साधली. कोबींतही पुढें तीच रीत लागू झाली.

या शोधाची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. गड्डे एकसारखे येतात व एकदम काढणीस होतात, हा लाभ थोडा नव्हे. माझी शंका निराळी आहे. एका गांवचीं सर्व खातीं एकाच सावकाराकडे गहाण पडलीं, तर दप्तरीं तीं निराळीं दिसलीं तरी संकट एकच असतें, हें महसुली नोकरींत मीं पाहिलें आहे. आज कोबीवर्गाच्या नर-वंध्य संकरांत ओगुराचेंच पेशीद्रव्य सर्वांत अधिक आहे. अमेरिकेंत मक्याचे बहुतेक संकर ‘टेक्सास’ नामक एकाच पेशीद्रव्यावर उभे होते. १९७० सालीं त्यावर करपा पडून देशाचें सुमारें शेंकडा पंधरा पीक बुडालें. कोबीवर तसें येईलच असें नाहीं. परंतु येणारच नाहीं, अशी हमी कोण देतो?

दुसरी वाट आहे. मोहरींत मोरिकँडिया या रानटी आप्ताचें पेशीद्रव्य आणून आपल्याच देशांतील शास्त्रज्ञांनीं नर-वंध्य वाण सिद्ध केला. मोहरीस दाणा धरला पाहिजे, म्हणून परागसामर्थ्य परत देणारा गुणही त्याच आप्ताकडून घेतला. कोबीचें आपण पानच खातों. तेथें ही अडचणही नाहीं.

तेव्हां आपल्या संस्थेनें दोन गोष्टी कराव्यात. बियाच्या पुडीवर वंध्यत्वाचें मूळ छापावें, अशी मागणी करावी. आणि दरवर्षीं प्रयोगाच्या वाफ्यांत संकरित वाणाशेजारीं ‘गोल्डन एकर’सारखा सरळ वाणही लावावा. आपल्या सपाटीवर कोबीस फुलोऱ्यापुरती थंडी नाहीं. त्याचें बीं कुलूसारख्या डोंगरी मुलखांतून येतें. आपण मागणी सोडली, तर तेथें तें बीं कोणासाठीं धरतील?