समुद्र गावात, आराखडा राजधानीत

केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातील चेल्लानम ही चिंचोळ्या वाळूपट्टीवर वसलेली ग्रामपंचायत आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडीचे संथ पाणी आणि मध्ये दाटीवाटीने उभी असलेली मच्छीमारांची घरे. २०१७ मध्ये ओखी आणि मे २०२१ मध्ये तौक्ते या चक्रीवादळांनी या घरांत समुद्र आणून सोडला. त्यानंतर राज्य सरकारने सुमारे ३४४ कोटी रुपये खर्चाचा प्रकल्प हाती घेतला आणि सुमारे ७.३ किलोमीटर लांबीची, टेट्रापॉड या काँक्रीटच्या अवजड ठोकळ्यांनी मढवलेली भिंत उभी राहिली. भिंतीआडच्या कुटुंबांना पावसाळ्यात पुष्कळसा दिलासा मिळाला. मात्र भिंत जिथे थांबली, तिच्या उत्तरेला असलेल्या कन्नमाली परिसरात समुद्र घरात शिरतच राहिला. तिथले रहिवासी भिंत पुढे न्यावी म्हणून आंदोलन करत राहिले; आपल्याकडची धूप भिंतीनंतर वाढली, असे त्यांचे म्हणणे आहे. एकाच पंचायतीतल्या शेजाऱ्यांचे भवितव्य असे एका बांधकामाच्या टोकापाशी विभागले गेले.

ही भिंत कुठे सुरू व्हावी आणि कुठे संपावी, हे कोणी ठरवले? तिचा निधी, तिचा आराखडा आणि तिचे टप्पे राज्य पातळीवर निश्चित झाले. ज्या पंचायतीला प्रत्येक उधाणात घरे रिकामी करावी लागतात, निवारा उघडावा लागतो आणि लोकांच्या संतापाला तोंड द्यावे लागते, तिच्या हाती या निर्णयाची सूत्रे नव्हती. समुद्रपातळीच्या वाढीला सामोरे जाण्याच्या भारतीय पद्धतीतील मुख्य दोष इथे आहे. संकट स्थानिक आहे, जबाबदारीही व्यवहारात स्थानिकच ठरते. अधिकार, पैसा आणि माहिती मात्र वरच राहते.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार जागतिक समुद्रपातळी १९०१ ते १९७१ या काळात वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटरने वाढत होती. २००६ ते २०१८ या काळात हा वेग ३.७ मिलिमीटर झाला. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या कालावधीतील ६,६३२ किलोमीटर किनाऱ्याचा अभ्यास केला, तेव्हा त्यातील सुमारे एक तृतीयांश किनारा झिजत असल्याचे आढळले. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ६० टक्के, तर केरळमध्ये ४६ टक्के होते. या झिजेला एकटी समुद्रपातळी कारणीभूत नाही. नद्यांवरील धरणांमुळे गाळ समुद्रापर्यंत पोहोचत नाही. बंदरांचे लाटारोधक बांध आणि जलमार्गांतील गाळउपसा यांमुळे किनाऱ्यालगत वाहणाऱ्या वाळूची वाट अडते. वाढती समुद्रपातळी या साऱ्या चुकांवर व्याज आकारते.

यावर भिंत हा एकमेव उपाय मानला, तर साधा हिशेब करून पाहावा. चेल्लानमच्या दराने एका किलोमीटरला सुमारे ४७ कोटी रुपये लागतात. देशाच्या झिजणाऱ्या सव्वादोन हजार किलोमीटर किनाऱ्याला हाच दर लावला, तर खर्च एक लाख कोटींच्या घरात जातो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी धूप रोखण्याच्या उपायांकरिता दीड हजार कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता एक हजार कोटींची शिफारस केली होती. त्यातही नदीकाठांची धूप समाविष्ट होती. धुपीने बेघर होणाऱ्यांची राष्ट्रीय पातळीवर दखल घेणारी ही शिफारस स्वागतार्हच होती. तथापि दोन आकड्यांमधील अंतर पाहता सगळीकडे भिंती बांधणे शक्य नाही, हे उघड आहे. कुठे भिंत, कुठे खारफुटी आणि वाळूचे टेकाड, कुठे घरांची जोती उंच करणे आणि कुठून माघार घेणे, याची निवड करावीच लागेल.

माघार किती अवघड असते, हे ओडिशाने अनुभवले आहे. केंद्रापाडा जिल्ह्यातील सातभाया हा सात गावांचा समूह होता. त्यातील बहुतेक गावे बंगालच्या उपसागराने गिळली. उरलेल्या ५७१ कुटुंबांना राज्य सरकारने बागपाटिया येथील वसाहतीत हलवले. २०१८ मध्ये ग्रामदेवता पंचुवाराही हिच्या मूर्तीही तिथे नेण्यात आल्या. घरासाठी जमिनीचा तुकडा आणि अर्थसाहाय्य मिळाले. शेतजमीन मिळाली नाही. परिणामी वसाहतीतील अनेक तरुण रोजगारासाठी दूरच्या राज्यांत गेले. केरळच्या ‘पुनर्गेहम’ योजनेतही असाच पेच आहे. भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला जमीन आणि घर यांसाठी मिळून दहा लाख रुपये देणारी ही २,४५० कोटींची योजना महत्त्वाकांक्षी आहे. परंतु त्या रकमेत किनाऱ्याजवळ जागा मिळत नाही, आणि होडीपासून दूर गेलेला मच्छीमार पहाटे समुद्रावर पोहोचणार कसा, हा प्रश्न अनुदानाच्या हिशेबात बसत नाही. तो ग्रामसभेत मात्र पहिल्या पाच मिनिटांत विचारला जातो.

कायद्याची चौकट पाहिली, तर ही विसंगती अधिक स्पष्ट होते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले. त्यांत मत्स्यव्यवसाय आहे, किनारा संरक्षण किंवा आपत्ती व्यवस्थापन नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा स्थानिक संस्थांना जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांखाली काम करायला सांगतो. २०२५ च्या दुरुस्तीने राजधान्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची वाट मोकळी केली. किनारी पंचायतींसाठी तसे काही झाले नाही. दुसरीकडे २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागांत विकासबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. समुद्रपातळीची वाढ आणि किनाऱ्याची झीज लक्षात घेऊन आखलेली धोकारेषा मात्र बांधकाम नियमनासाठी बंधनकारक न ठेवता, तिला आपत्ती व्यवस्थापनाचे साधन असा दर्जा दिला. म्हणजे समुद्र पुढे येत असताना बांधकाम त्याच्या जवळ सरकले, आणि इशारा देणारी रेषा सल्ल्यापुरती उरली.

पंचायतींना हे पेलवेल का, अशी शंका घेतली जाईल. ती निराधार नाही. स्थानिक हितसंबंध बांधकामाच्या बाजूने असतात, आणि भिंतीची मागणी माघारीपेक्षा मते मिळवून देते. परंतु १९९६ पासून नियोजन निधीचा मोठा वाटा स्थानिक संस्थांना देणाऱ्या केरळने २०१८ च्या महापुरानंतर सर्व स्थानिक संस्थांकडून आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार करवून घेतले. एर्नाकुलम जिल्ह्यातीलच काही पंचायतींत घरोघरी दिनदर्शिका देऊन भरतीचे पाणी कोणत्या दिवशी किती चढले, याची नोंद रहिवाशांनीच ठेवली. दूर बसलेल्या यंत्रणेला न दिसणारी माहिती अशा रीतीने जमते. क्षमता शिकवता येते. तिच्या अभावाचे कारण पुढे करून अधिकार रोखून धरले, तर ती कधीच येणार नाही.

मग करायचे काय? पहिले, प्रत्येक किनारी पंचायतीच्या विकास आराखड्यात धोकारेषा तिच्याच भाषेतील नकाशावर दाखवणे सक्तीचे करावे. शाळा, दवाखाना, पाणीयोजना आणि नवी घरकुले त्या रेषेच्या आत मंजूर होऊ नयेत. दुसरे, धूप आणि पुनर्वसन यांसाठीच्या निधीचा ठरावीक हिस्सा थेट पंचायतींना मिळावा आणि स्थलांतराचा कोणताही प्रस्ताव ग्रामसभेच्या संमतीशिवाय, तसेच उपजीविकेच्या तरतुदीशिवाय पुढे जाऊ नये. तिसरे, वाळू पंचायतीची हद्द ओळखत नाही. एका गावाची भिंत दुसऱ्या गावाची धूप होऊ नये, म्हणून शेजारच्या गावांचा एकत्रित विचार हवा. त्यासाठी नवी संस्था लागत नाही. संविधानाच्या २४३-झेडडी या अनुच्छेदाने जिल्हा नियोजन समितीवर स्थानिक आराखडे एकत्र करण्याचे आणि नैसर्गिक साधनसंपत्तीच्या सामायिक वापराचा विचार करण्याचे काम आधीच सोपवले आहे. बहुतेक राज्यांत ही समिती निधीवाटपापुरती उरली आहे; किनारी जिल्ह्यांत तरी तिला तिचे मूळ काम परत द्यावे.

समुद्र हळूहळू वाढतो, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत पुढच्या निवडणुकीवर ढकलता येतो. कन्नमालीच्या रहिवाशांना ती सोय नाही. त्यांना दरवर्षी जूनमध्ये उत्तर द्यावे लागते, आणि तेही पाणी उंबऱ्याशी आल्यावर. निदान तो प्रश्न वेळेत, आकडे आणि अधिकार हाती असताना चर्चेला घेण्याची संधी त्यांच्या पंचायतीला मिळायला हवी.