डोळ्यातले बूच विसरू नका

डोळे कोरडे पडले की ते जळजळतात, खुपतात, आत रेती गेल्यासारखे वाटते. थेंब घालूनही आराम पडला नाही, तर डॉक्टर कधी कधी ‘प्लग’ बसवायला सांगतात. प्लग म्हणजे बारीकसे बूच.

आरशासमोर खालची पापणी नाकाच्या बाजूने हलकेच ओढून पाहा. कडेवर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसेल. असेच एक वरच्या पापणीलाही असते. दोन्ही डोळ्यांची मिळून चार. अश्रू या छिद्रांतून बारीक नळीत आणि पुढे नाकात उतरतात. म्हणूनच रडताना नाक गळते. मोरीला बोळा लावला की पाणी साचते, त्याचप्रमाणे छिद्रात बूच बसवले की अश्रू डोळ्यात जास्त वेळ टिकतात.

कोलॅजेनचे बूच थोड्या दिवसांत आपोआप विरघळते. सिलिकॉनचे विरघळत नाही. अमेरिकेतील डॉ. फ्रीमन यांनी १९७५ साली या उपायाची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून तो रूढ झाला. बहुतेकांना त्याने मोठा त्रास होत नाही. तरीही पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात.

सर्वात जास्त घडणारी गोष्ट म्हणजे बूच गळून पडणे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण कोरडेपणा परत येतो. धुळीत वा चुलीच्या धुरात काम करणाऱ्यांना डोळे चोळायची सवय असते, ती सोडावी. काहींच्या डोळ्यांतून सारखे पाणी गळू लागते. काहींना बुचाचे टोक डोळ्याला घासून टोचते.

खरी काळजी बूच आत सरकल्यावर. काही प्रकारची बुचे तर मुळातच नळीच्या आत बसवतात, बाहेरून दिसत नाहीत. अशा ठिकाणी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही जंतुसंसर्ग होऊ शकतो. नाकाजवळचा कोपरा लाल होतो, सुजतो, पू येतो. आपण समजतो, डोळे आले. मेडिकलमधून थेंब आणतो, चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. आतले बूच निघाल्याशिवाय असे दुखणे बहुधा हटत नाही.

तोवर बूच बसवल्याचे आपण विसरलेले असतो. दवाखाना बदललेला, कागद हरवलेला. नव्या डॉक्टरांना कसे कळावे? म्हणून बूच बसवतानाच लिहून घ्या: कोणत्या डोळ्यात, वर की खाली, विरघळणारे की कायमचे, आणि तारीख. तो कागद रेशनकार्डासोबत ठेवा. घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. डोळ्याच्या प्रत्येक तपासणीत हे आठवणीने सांगा.

पापण्यांना सूज किंवा डोळ्यात दाह असेल तर त्यावर आधी उपचार करावे लागतात, नाहीतर दाह वाढवणारे अश्रूच डोळ्यात साचून राहतात. हा प्रश्न डॉक्टरांना संकोच न करता विचारा.

बूच टोचू लागले तर घरी चिमट्याने वा पिनेने काढू नका. बाहेर दिसणारे बूच डॉक्टर सहज काढतात. आत गेलेले सलाईनच्या पाण्याने धुऊन काढतात, क्वचित छोटी शस्त्रक्रिया लागते. कोपऱ्यात सूज, पू, ठणका किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही आढळले, तर रोज बुडेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.